कडू म्हणजे खरी

ता. ६ जानेवारी

ती. अप्पांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग कपाळाला हात लावला. माझ्या वेलीच्या औषधाची चाचणी तुमच्या इस्पितळात सुरू झाली काय आणि तुम्ही पहिल्याच दिवशी रांगेत उभं राहून नाव घातलं काय! लेकीला विचारायचं तरी. मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना लगेच कळवलं, की हा रोगी माझा सख्खा बाप आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही रोग्यांपर्यंत येतच नाही, बाटल्यांवर नुसते आकडे आहेत, तेव्हा हरकत नाही.

आता कान इकडे करा. चाचणीतल्या निम्म्या लोकांना खरं औषध मिळतं, निम्म्यांना खोटं. कोणाला कुठलं ते बंद पाकिटात आहे. डॉक्टरीणबाईंना ठाऊक नाही, मलाही नाही. तुमचा स्वतःच्या जिभेवर फार भरवसा, म्हणून सांगते, चवीवरून ओळखायला जाऊ नका. खोटी बाटली खरीइतकीच कडू करण्यात माझं अख्खं वर्ष गेलंय. चाखून चाखून मला चहासुद्धा कडू लागायचा.

दुसरं, आणि हेच खरं महत्त्वाचं. तुमच्या हृदयाच्या रोजच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. माझं औषध त्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. तुमचा गाडा त्या गोळ्यांवर चाललाय. हे मी तुम्हाला बजावून सांगतेय.

इकडचं काय सांगू? वीस वर्षं मी पाला वाटतेय. आधीची चार झाडं उंदरांपर्यंत जाऊन नापास झाली. माणसांपर्यंत पोचलेली ही पहिलीच. साहेबांनी तोंडावर सांगितलंय, ही हरली तर विभागाला कुलूप. पण ते माझं मी बघेन. तुम्ही जिना सावकाश चढा.

शिव्यांसकट माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
वेलबाई

*

ता. २ मार्च

चि. वेलबाईस,
अ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा नव्हता, दुसऱ्यांदा विश्वास नव्हता. म्हणे खोटी बाटली! अगं, चमचा तोंडात घातला की मेलेले पूर्वज समोर येऊन उभे राहतात, इतकं जहर कडू. खोटं कधी कडू असतं का? खोटं गोड असतं. उभा जन्म गिऱ्हाइकांचे वायदे ऐकण्यात गेलाय, मला शिकवू नकोस. मला खरीच मिळालीय.

आणि हातच्या कंकणाला आरसा कशाला? जिना एका दमात चढतो. काल मशीनवर बसून एक अख्खी विजार शिवली. समोरचा चष्मेवाला म्हणतो, चेहऱ्यावर तेज आलंय. बारक्या म्हणतो, मशीनचं तेल लागलं असेल. त्याच्या जिभेला हाड नाही, तू लाडावून ठेवलास.

लोक म्हणतात पिकतं तिथे विकत नाही. आपल्या घरात ते खोटं ठरलं. अख्ख्या गल्लीला सांगून झालंय, की माझ्या पोरीनं रानातली वेल आणली आणि बापाच्या छातीला टाका घातला.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. समजा मी ठणठणीत झालो. तुझे साहेब म्हणणार, म्हातारा गोळ्यांनी बरा झाला, वेलीनं काय केलं? दोघांनी मिळून शिवलेला कोट कोणाच्या नावावर? तुझी वीस वर्षं त्या दोन दिडक्यांच्या गोळ्या खाऊन टाकणार, हे मला बघवत नाही.

बाकी गोळ्यांची काळजी करू नकोस. एकही वाया जाऊ देत नाही.

जेवत जा. वाळलेल्या पाल्यात राहून तूही तशीच दिसायला लागलीस. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझा,
अप्पा

*

ता. ९ मे

ती. ताईस,
सा. न.

अप्पांना न सांगता लिहितोय, तेव्हा उत्तर माझ्या नावानं टाक.

त्यांचे पाय सुजलेत. बोटानं दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. मी ओरडलो, तर म्हणाले उकाड्यानं आहे, आणि चपलेचे पट्टे उसवून रुंद करून घेतले. टाका इतका सुरेख घातलाय की बघत राहावं, आणि त्याचाच मला राग आला. रात्री आडवे होत नाहीत, उशा लावून बसून झोपतात. पण सकाळी तो कडू चमचा न चुकता घेतात आणि मला सांगतात की तेज कायम आहे.

गोळ्यांचं विचारलं तर कात्रीवर हात ठेवून सांगितलं, की रोजच्या रोज डब्यातून काढतो. आता बापावर पहारा ठेवायचा का मी? दुकानात लग्नसराईचे कपडे पडलेत, मलाही काही दोन डोकी नाहीत.

डॉक्टरीणबाईंची तपासणीची तारीख अजून लांब आहे. थांबू की नेऊ, ते सांग. मला भीती वाटतेय.

लोभ असू दे, आणि जमलं तर घाईचाही असू दे.

तुझा,
बारक्या

*

ता. १३ मे

चि. बारक्यास,
अ. आ.

थांबू नकोस. पत्र हातात पडल्याबरोबर दुकान बंद कर आणि त्यांना घेऊन जा. चाचणी गेली खड्ड्यात.

गोळी समोर गिळायला लाव आणि तोंड उघडून बघ. लहानपणी ते आपलं बघायचे तसं.

मी निघतेच आहे.

ताई

*

ता. २० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

तू आलीस तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. शिवाय डॉक्टरीणबाईंनी दम भरला होता, की चाचणी संपेपर्यंत हिला अवाक्षर सांगायचं नाही. आता संपली असं त्यांच्याकडूनच कळलं. म्हणून लिहायला बसलोय.

तुझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशीच मी अप्पांना घेऊन पळालो होतो. छातीत पाणी झालं होतं. बाईंनी विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? मी हो म्हणालो. अप्पा भिंतीकडे बघत राहिले. मग बाईंनी ते पाकीट फोडलं.

ताई, त्यांची बाटली खोटी होती.

बाई म्हणाल्या, त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आता तूच सांग, मी काय करायचं होतं? खरी होती म्हणावं, तर लेकीचं औषध आपल्याला पुरं पडलं नाही हे मनात घेऊन जाणार. खोटी म्हणावं, तर गल्लीभर मिरवलेलं सगळं पाण्यात. इकडे आड तिकडे विहीर. अप्पांनीच विचारलं आणि मी खरं सांगून टाकलं.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. मग ते हसायला लागले. इतके, की नर्स धावत आली आणि मला रागावली. म्हणाले, म्हणजे पोरीचं औषध अजून हरलेलं नाही. पुन्हा पुन्हा तेच. आणि तुझं कौतुक काय! मालकालाही सापडू नये असं रफू आपल्याच घरातलं माणूस करू शकतं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी तू पोचायच्या आत ते गेले. चेहरा हसरा होता असं तू मला म्हणालीस, त्याचं कारण हे.

आता उरलेलं सांगतो. काल एक काळा कोट आला. त्याला बटणं हवी होती म्हणून अप्पांचा बटणांचा डबा टेबलावर ओतला. बटणांत गोळ्या निघाल्या. पांढऱ्या, पिवळ्या, ढीगभर. तुझी बाटली सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या असणार. रोजच्या रोज एका डब्यातून काढून दुसऱ्यात टाकत होते. मी शेजारीच बसून काजं करत होतो गं, आणि मला कळलं नाही.

का केलं असेल ते तुला मी सांगायला नको. मला त्यांचा इतका राग येतोय की रडूही धड येत नाही.

गोळ्या अजून कोणाला दाखवल्या नाहीत. हे तुला आणि मलाच ठाऊक. तू म्हणशील तर मोरीत ओतून टाकतो आणि विषय संपवतो.

रागावू नकोस माझ्यावर. नाहीतर रागव, पण लिही.

तुझा,
बारक्या

*

ता. ११ डिसेंबर

चि. बारक्यास,
अ. आ.

तुझ्यावर कसली रागावते? मी वीस वर्षं औषधांत घालवली आणि बापाच्या पत्रातलं एक वाक्य मला वाचता आलं नाही. एकही वाया जाऊ देत नाही, असं लिहिलं होतं त्यांनी.

निकाल लागला. माझी वेल जिंकली. खरी बाटली घेणाऱ्यांत दगावलेले कमी निघाले. फरक अगदी काठावरचा, पण मोजण्यात धरतात तेवढा. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, माझ्यासाठी नवीन खोली बघतो म्हणाले. हिशेब मांडणाऱ्या बाई हळूच येऊन सांगून गेल्या, की खोट्या बाटलीच्या बाजूचा एक जरी मृत्यू कमी असता तर काहीच सिद्ध झालं नसतं.

तो एक अप्पा आहेत, बारक्या.

कागदावर त्याचा अर्थ असा होतो, की वेलीचं औषध मिळालं नाही म्हणून हा माणूस गेला. तसा तो गेला नाही. नियम असा आहे, की ज्याला मोजलं तो मोजलेलाच राहतो. म्हणजे मी गप्प बसले तर कोणी माझ्याकडे बोटही दाखवणार नाही. अप्पांना जे हवं होतं ते जसंच्या तसं झालं. श्रेय सगळं माझं.

चार दिवस मी गप्प बसूनही पाहिलं. मग सारखं मनात येऊ लागलं, की कोणाची तरी लेक आपल्या बापाला ही बाटली आणून देईल. तो चमचा घेईल, कडू आहे म्हणजे खरी आहे म्हणेल, आणि रोजच्या गोळ्या कुठल्यातरी डब्यात टाकेल. त्याच्या लेकीला मी काय तोंड दाखवू?

काल चाचणीच्या समितीला सगळं लिहून दिलं. साहेब तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. नियमानं अप्पा मोजणीत राहतील, पण त्यांना वगळलं तर फरक उरत नाही हेही आता मांडावं लागणार, म्हणून औषध सिद्ध झालं नाही असंच छापून येईल आणि विभाग बंद होईल. अप्पांनी जीव देऊन जिंकवून दिलेलं मी एका कागदानं हरवलं. ते असते तर मला बोल बोल बोलले असते, आणि मला ते ऐकायला हवं होतं.

समितीचा माणूस येईल, त्याच्या हाती गोळ्या दे. डबा देऊ नकोस. धुऊन पुसून बटणं परत भरून ठेव.

कपाटं आवरताना खोटी आणि खरी, अशा दोन बाटल्या शिल्लक निघाल्या. आकड्यांच्या चिठ्ठ्या झाकून मी दोन्ही चाखल्या. मलाही ओळखता आल्या नाहीत.

माया कमी करू नकोस. आता मागायला तूच उरलास.

तुझी,
ताई