दार उघडणाऱ्याचं नाव

प्रिय इनास सर,

काल माझं नोंदणीपत्र आलं. तुमची वर्षा आता नोंदणीकृत मूल्यांकनकार झाली, घरांची किंमत स्वतःच्या सहीने ठरवणारी. येत्या रविवारी चर्चमध्ये तुम्हाला जाऊन वर्ष झाल्याची मिस्सा आहे आणि तुमच्या मिसेस, आपल्या आँटी, म्हणाल्या, "वर्षा, तू चार शब्द बोल." मी आणि माईकसमोर! तुम्हाला माहीत आहे, मला दोन माणसांत बोलायला जमत नाही. म्हणून लिहिते आहे. पण कौतुकाचं काही येईल असं समजू नका. मी अजून रागावलेली आहे.

पाच वर्षं मी तुमच्याकडे काम केलं. परीक्षा दुसऱ्या खेपेला का होईना, पास झाले. राहिला होता फक्त एक कागद. इतकी वर्षं हिने माझ्या हाताखाली काम केलं, असा तुमच्या सहीचा अनुभवाचा दाखला. पाच वर्षं भरत आली तेव्हापासून किती वेळा मागितला मी तो?

"सर, दाखला."

"देतो गं बाय. आधी केळींचं पाणी बघून येऊ दे."

केळींचं पाणी झालं की पानवेल, पानवेल झाली की चर्चचा हिशेब, तो झाला की चष्मा सापडायचा नाही. एवढी व्यवस्थित माणसं इतकी टाळाटाळ कशी करू शकतात? मी गप्प बसायचे. माझं तेच चुकलं.

खरं तर तुमच्या सगळ्याच पद्धती जीव काढणाऱ्या होत्या. सगळं जग लेझरने मोजायला लागलं तरी आपली टेपच. तिचंही टोक सैल असतं म्हणून मोजायला सुरुवात एक फुटापासून, मग प्रत्येक मापातून एक वजा. ओल कळावी म्हणून बाथरूममध्ये शिरून भिंतीचा वास घ्यायचा. घरमालक माझ्याकडे बघायचे, मी जमिनीकडे. आणि वहीत सगळ्यात वर, पत्त्याच्याही आधी, एक ओळ: दार कोणी उघडलं.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, "सर, बँकेला याचं काय करायचंय?"

"बँकेला नाही, मला करायचंय. घर आपण आत जाऊन बघितलं, याची ती खूण."

तुम्ही जूनच्या अखेरीस गेलात. गास गावच्या चर्चमध्ये एवढी गर्दी मी पाहिली नव्हती. महिन्याच्या मिस्सेनंतर आँटींनी मला ओटीवर बोलावून एक पाकीट दिलं. "हॉस्पिटलात असताना मागवून घेतलं होतं हो लेटरहेड. दोनदा लिहिलं. पहिलं फाडलं."

मी तिथेच उघडलं. तुमचं ते टपोरं अक्षर. पाहणी, मोजमाप, अहवालाची तयारी, सगळं कसं बारकाईने लिहिलेलं. आणि शेवटी एकूण अनुभव: चार वर्षं, चार महिने.

चार वर्षं चार महिने! सर, नोंदणीला पाच लागतात! मी जूनमध्ये लागले होते, तुम्ही फेब्रुवारीपासून धरलं. आठ महिने गायब. मला वाटलं, आजारपणात गोंधळ झाला असेल. आँटींना तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "गोंधळ? त्यांना शेवटच्या दिवशीसुद्धा कोणत्या झाडाचा घड कधी उतरवायचा ते पाठ होतं."

मग मी ती तारीख पुन्हा वाचली. फेब्रुवारीची तेरा. घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. बारा तारखेच्या पानावर एकच पाहणी होती. तुळिंज, चौथा मजला.

आता सांगते. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी त्या फ्लॅटला कुलूप होतं. मी तुळिंजमध्येच वाढले, सर. तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, जिन्यात चपलांचे स्टँड. तिथली एक बिल्डिंग बघितली की दहा बघितल्या, असं मला वाटायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, वरती पण सेम टू सेम आहे. आमचंच मोज ना, परत कशाला येतेस उन्हाची?" आणि मी त्यांचं घर मोजून वरच्या मजल्याच्या नावावर लिहिलं. पहिली ओळ रिकामी दिसली असती, म्हणून मालकिणीचं नाव टाकलं. दार उघडलं: सुनंदाताई.

तुम्ही वही बघितलीत. मिटून ठेवलीत. दोन दिवसांनी तो अहवाल तुम्ही स्वतःच टाइप केलात. मला वाटलं, माझं काम हलकं केलंत.

पाकीट मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्या बिल्डिंगमध्ये गेले. या वेळी दार उघडलं. सुनंदाताई कणीक मळत होत्या, हात तसेच. मी सांगितलं, मी मोजायला येणार होते ती.

"परत मोजायचंय? ते म्हातारे सर मोजून गेले की केव्हाच!"

"कधी?"

"कर्जाच्या टायमाला. मला त्यांचा फोन आला होता, की काल दार तुम्हीच उघडलंत ना? मी म्हटलं, मी कुठून उघडणार, मी चार दिवस सातारला बहिणीकडे आहे. उद्या येते. तर दुसऱ्या दिवशी आले स्वतः. गुडघे धरून वर चढले बिचारे. दोन ग्लास पाणी प्यायले. आम्ही गॅलरी आत घेतलीये ना, ती वेगळी मोजली."

मी विचारलं, काही बोलले का?

"म्हणाले, आमच्या मुलीचं एक माप राहिलं होतं."

सर, मला रागवायला काय झालं होतं तुम्हाला? एकदा ओरडला असतात तर मी रडले असते, माफी मागितली असती, विषय संपला असता! ते दुखरे गुडघे घेऊन चार मजले चढलात, आणि ऑफिसात येऊन मला विचारलंत काय, तर "चहा घेतलास का?" ही कोणती शिक्षा? चार वर्षं मला कळूच दिलं नाहीत!

आणि ते फोन! त्यानंतर मी कुठूनही पाहणी करून आले की तुम्ही त्या घरी फोन लावायचात. "आमची मुलगी आली होती ना? दार तुम्हीच उघडलं ना?" मला वाटायचं, पोर एकटी फिरते, म्हणून सर काळजी करतात. मी आईलासुद्धा कौतुकाने सांगितलं होतं. तुम्ही माझी एक एक ओळ तपासत होतात!

आठ महिन्यांवरून मी तुमच्याशी मनात खूप भांडले. एका खोट्या ओळीसाठी आठ महिने? आधीची सगळी घरं मी खरोखर मोजली होती हो. शपथेवर सांगते. पण भांडता भांडता एक दिवस थांबले. ते तुम्हाला कसं कळणार होतं? आधी तुम्ही फोन करत नव्हतात. माझ्यावर विश्वास होता, म्हणून करत नव्हतात. आणि ज्याची खात्री नाही त्यावर सही करायची नाही, हे तुम्हीच शिकवलं होतंत. आँटी म्हणाल्या तो फाडलेला पहिला कागद पाच वर्षांचा होता का? मला वाटतं, होता.

तरी सांगते, आठ महिने फार होते. विरारला दुसऱ्या एका मूल्यांकनकारांकडे मी ते भरून काढले. ते लेझरने मोजतात, दहा मिनिटांत बाहेर. मी मागे थांबून बाथरूमच्या भिंतीचा वास घ्यायचे, तर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला सर्दी झालीय का?" मी वहीत पहिली ओळ लिहायचे तेव्हाही हसायचे. कोणाकडे तक्रार करणार? तक्रार ऐकणारे तुम्ही, आणि तुम्हीच हे लावून गेलात.

आज माझ्याकडे नोंदणी आहे, स्वतःचा शिक्का आहे, आणि हे दाखवायला तुम्ही नाही. दाखला वेळेत दिला असतात तर मी तुमच्यासमोर त्या खोट्या ओळीचं कबूल केलं असतं. खरंच केलं असतं का? माहीत नाही. मीही तुमच्यासारखीच, तोंड न उघडणारी. पाच वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आपण, आणि एका फ्लॅटबद्दल बोललो नाही.

रविवारी मी मिस्सेला येईन. बोलणार नाही. हे पत्र आँटींकडे देईन, त्या वाचतील आणि मला ओरडतील. तुमच्या वाटणीचंही ओरडू दे त्यांना.

सोमवारी माझ्या सहीची पहिली पाहणी आहे. पाचवा मजला, लिफ्ट बंद आहे असं आत्ताच कळलं. नवीन वही घेतली आहे, टेप तुमचीच. पहिली ओळ लिहून ठेवली आहे, दार कोणी उघडलं, आणि पुढे जागा सोडली आहे. कुलूप असलं तर ती जागा तशीच राहील आणि मी परत जाईन. पुन्हा कुलूप असलं तर पुन्हा. माझं राहिलेलं माप घ्यायला यापुढे कोणालाही जिना चढावा लागणार नाही, सर.

तुमची,
वर्षा
(अनुभव: पाच वर्षं. त्यातले आठ महिने दुसरीकडचे.)