एकोणतीस वर्षांच्या झाडाचा डिंक्या

रामाकोना, २८ एप्रिल २०२५

ती. नलिनी आत्याबाईस,
गौरवचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहून राहिलो, याचं नवल करू नका. आमच्या घरी आई फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय कुणाला बोलू देत नाही. सौंसरच्या गाडीचा कंडक्टर वामन पत्र पोचवेल. तुम्ही तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होता, म्हणून तुम्हालाच सांगतो.

आठ दिवसांपासून मला लघवीच्या जागेतून पिवळा पू येतो आणि आग होते. संत्र्याच्या झाडाला डिंक्या झाला की सालीतून असाच डिंक गळतो. डिंक्या जास्त पाण्यानं होतो. म्हणून मी बहाराआधी बागेचं पाणी तोडतो तसा स्वतःला ताण दिला. चार दिवस जेमतेम दोन पेले पाणी. आग वाढली. मग लोधीखेड्याच्या कृषी केंद्रात भाऊरावांना झाडाचं म्हणून विचारलं. त्यांनी झाडाचं वय विचारलं, मी माझंच सांगितलं, एकोणतीस. इतकं म्हातारं झाड तोडूनच टाका म्हणाले. मी घाईघाईनं दुसरा इलाज विचारला. शेवटी मोरचूद आणि चुन्याची पेस्ट लावायला सांगितली, आणि बाजूचं झाड चांगलं दिसलं तरी त्याचाही इलाज करा असं बजावलं. पेस्ट मी आधी मांडीला लावून पाहिली. अजून फेंगडा चालतो.

हे नागपूरच्या बसस्थानकावरच्या संडासातून लागलं असावं. सायलीला कळू देऊ नका. बायकोचा माझ्यावर जीव आहे, तो तसाच राहू द्या.

तुमचा गौरव

पांढुर्णा, ३० एप्रिल

चि. गौरव यास अनेक आशीर्वाद.

आधी हसले, मग कपाळाला हात लावला. मोरचूद धुऊन टाक आणि तांब्याभर पाणी पी. हा डिंक्या नाही, मला तर सरळ परमा, म्हणजे गनोरिया, दिसतो. संडास बिचारा निर्दोष आहे. हा रोग संबंधातून लागतो, तेव्हा संत्री विकायला गेलास तेव्हा मुक्काम कुठे केला ते तुझं तुला ठाऊक. मोटारसायकलच्या सीटमुळे, उन्हामुळे, वांग्याच्या भाजीमुळे परमा झालेली माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. बायकोला खरं सांगणारा एकच पाहिला.

लाज सोडून सरकारी दवाखान्यात जा. गरमीची, म्हणजे सिफिलिसची, आणि एचआयव्हीची तपासणीही करून घे, हे रोग एकमेकांच्या सोबतीनं येतात आणि दिसत नाहीत. परमा पूर्ण बरा होतो. औषध डॉक्टर देतील तेच आणि तेवढंच घे, मेडिकलवाल्याच्या मनानं नको.

आता सायलीचं. बायकांना बहुतेकदा काहीच जाणवत नाही. रोग आतल्या आत गर्भाशयाच्या नळ्यांपर्यंत जातो आणि मग मूल राहणं अवघड होतं. दोन वर्षांपासून तुम्ही बाळाची वाट पाहता. भाऊराव बाजूच्या झाडाचं बरोबर बोलले. तिला सांग. दोघांचा इलाज झाल्यावर सात दिवस वेगळे झोपा.

तुझी काळजी करणारी,
आत्या

रामाकोना, ५ मे

ती. आत्याबाईस शि. सा. न. वि. वि.

तुमचा अंदाज खरा निघाला. औषध घेतलं, पू थांबला. बाकीच्या तपासण्या आज तरी साफ आहेत. फक्त एक विनंती. सायलीच्या वाट्याच्या गोळ्या कुटून पाठवाल का? आंब्याच्या पन्ह्यात घालून देतो, तिला पत्ताही लागणार नाही. खरं सांगितलं तर ती तिगावला माहेरी निघून जाईल, आणि तिच्याशिवाय माझं कसं होईल ते मला सुचत नाही.

तुमचा गौरव

पांढुर्णा, ७ मे

गौरव,

आशीर्वाद सध्या राखून ठेवते. सायली फवारणीचा पंप नाही, तिच्यात वरून औषध ओतायला. तिला एखादं औषध सोसत नसेल, दिवस गेले असतील, हे तपासल्याशिवाय कसं कळणार? रविवारपर्यंत तू सांग. नाही तर सोमवारी सकाळीच फोन करते आणि तुझ्या आईच्या स्पीकरवर मीच सांगते.

आत्या

रामाकोना, २२ मे

ती. आत्याबाईस,
सायलीचा सा. न. वि. वि.

त्या रविवारी ह्यांनी मला बागेत नेलं. तिसऱ्या ओळीतल्या दोन झाडांपुढे उभं केलं आणि सांगू लागले की, हे झाड नागपूरला गेलं होतं. मला वाटलं, ऊन लागलं. मग म्हणाले, तिथं त्याला रोग लागला, बाजूच्या झाडाचा काही दोष नाही. मी शेतकऱ्याची पोर. म्हटलं, रोगट झाड उपटा आणि चुलीत घाला. त्यावर हे धुऱ्याच्या बांधावर बसून ढसाढसा रडले. झाड कोण ते तेव्हा मला कळलं.

दवाखान्यात मी एकटी गेले. मला काही म्हणजे काही होत नव्हतं आत्याबाई, तरी तपासणीत निघालं. लवकर आलात म्हणून नळ्या बहुधा वाचल्या, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. गोळ्या घेतल्या. एचआयव्हीची तपासणी दोघांनाही पुन्हा करायची आहे. येताना गाडीत सौंसरपर्यंत रडत आले. वामनभाऊंनी माझ्याकडे तिकीटही मागितलं नाही.

ह्यांची खाट आता बागेत आहे. झाडाला डिंक्या झाला, राखण लागते, असं सासूबाईंना सांगितलं. त्या रोज त्या झाडाला हळदकुंकू वाहून राहिल्या, आणि झाडाखाली हे मान खाली घालून बसलेले असतात.

डॉक्टरबाईंचे सात दिवस परवा संपले. माझे नाही. बागेचा ताण कधी सोडायचा ते मला कळतं, पानं मलूल झाली की पाणी द्यायचं. ह्यांचा चेहरा कालपासून तसाच झाला आहे, आणि मला अजून पाणी द्यावंसं वाटत नाही. यात माझं चुकतं का, ते कळवा.

माझ्यावर लोभ ठेवा. ह्यांच्यावर थोडा कमी.

तुमची सायली