सुमनला दिलेल्या गोळ्या

मंगळवार, संध्याकाळ

आज डॉक्टरांसमोर मी आधी गप्प बसले, म्हणून लिहिते आहे. नांदगावची माझी धाकटी जाऊ सुमन चक्कर येते म्हणाली, तेव्हा मीच ठणकावलं होतं, "प्रेशर असणार. माझ्या गोळ्या घे." न तपासता! निघाला रक्तक्षय, प्रेशर उलट कमीच. काल ती न्हाणीत कोसळली.

"गोळ्या कोणी दिल्या?" डॉक्टर कडाडले.

"मीच आणल्या दुकानातून," सुमन म्हणाली. "ताई शिकलेल्या हायेत, त्या कशाला देतील?"

आणि मी गप्प. मी?

"किती मिलिग्रॅमची गोळी होती?" ते तिला सांगता येईना. मला तर पाठ. तरी गप्प?

शेवटी म्हटलं, "मी दिल्या." पर्समधून माझ्या गोळ्यांची पट्टी काढून डॉक्टरांच्या हातात दिली.