पाण्याला वाट

९ जानेवारी

गाडी घरी आली! सामान अजून खोक्यांत आहे, कपबश्या कुठल्या खोक्यात गेल्या ते दोघांनाही ठाऊक नाही, पण गॅरेजात गाडी उभी आहे. सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची, वयाने माझ्याएवढीच. मागची सीट इतकी ऐसपैस की बायकोला पाय लांब करून आडवं होता येतं. घेतली ती त्यासाठीच. आठवड्यातून तीनदा तिचं डायलिसिस असतं, अंगात साठलेलं पाणी काढून टाकावं लागतं. येताना तिला मानही धरवत नाही, बसमध्ये कुठे बसवणार? या गावातल्या फर्निचरच्या कारखान्यात सुतारकी धरली तीही दवाखाना जवळ म्हणून.

विकणारे बाबा सत्तरीचे, जन्मभर ड्रायव्हर. किल्ली देताना म्हणाले की गाडी गुणाची आहे, जरा पाणी धरते, तेवढं चालवून घ्या, आणि मागच्या सीटखालचं काही बुजवू नका. मी हो हो म्हटलं. आनंदात माणूस अर्धंच ऐकतो.

बायकोने गाडीभोवती हळूहळू फेरी मारली आणि म्हणाली, अहो, म्हातारीला सोबतीण आणलीत की.

गॅरेजच्या मध्यभागी माणूस उभा राहील एवढा खड्डा आहे, वर फळ्या. गाडीखाली काम करायला सोयीचा. शाळेतले गुरुजी सांगत, दिवसाचं दिवसाला लिहावं, मन हलकं राहतं. देवाने आज भरभरून दिलं, म्हणून लिहिलं.

१३ जानेवारी

मागे पाय ठेवायच्या जागी पाणी साचतं. काल गाडी धुतली होती, त्याचंच असणार.

सुट्टी होती म्हणून गळती शोधायला बसलो. कारखान्यातल्या एकाने रीत सांगितली होती: एकाने खडू घेऊन आत बसायचं, काचा लावायच्या, दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी मारायचं, आणि जिथून पाणी शिरेल तिथे आतल्याने खूण करायची. बंद काचेतून बोलणं ऐकू येत नाही, म्हणून टिचक्या ठरवल्या. एक टिचकी म्हणजे पाणी सोडा, दोन म्हणजे बंद करा. बायको नेहमीसारखी मागे डाव्या दाराशी बसली. मी नळी धरली. तिने दोन टिचक्या मारल्या. बंद करून पाहतो तर थेंब कुठेच नाही, काचेवर उलट्या अक्षरांत ‘चहा’ लिहिलेलं. केवढी हसली! किती दिवसांनी हसली.

पुढच्या काचेचं रबर चिरलं आहे, डाव्या दाराचंही. दोन्ही बदलली.

१६ जानेवारी

विजेचं काम काढलं. ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो, हॉर्न दाबला की वायपर फिरतो. कोपऱ्यावरचा मिस्त्री वायरिंगही करतो आणि वेल्डिंगही. त्याने फ्यूजचा डबा उघडला तर आत गंज, आणि फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. म्हणाला की भाऊ, ही गाडी नव्हे, एकत्र कुटुंब आहे. एकाला हाक मारावी तर दुसराच ओ देतो. पाण्याने तारा खाल्ल्या आहेत, पाणी थांबल्याशिवाय वीज सुधारायची नाही, असं त्याचं मत पडलं.

२० जानेवारी

गाडी धुतली नाही, पाऊस नाही, तरी मागे बोटभर पाणी. शेवाळाचा वास.

चटई उचलली तेव्हा कळलं. मागच्या सीटखाली पत्र्याला चार भोकं आहेत. मिस्त्री खड्ड्यात उतरला आणि हसायला लागला, की कोणाला पीठ चाळायचं होतं का हिच्यातून? भोकांच्या कडा साफ आहेत, गंजून पडलेली नाहीत, कोणीतरी मुद्दाम पाडलेली. ते मला दिसलं. बाबांचं बोलणंही आठवलं. पण मी सुतार आहे. भोक दिसलं की आधी बोट जातं, मग बुजवायला लांबीचा गोळा. तीस वर्षं हाताने हेच केलं. शिवाय रस्त्यावरचं पाणी खालूनच येत असणार, दुसरीकडून कुठून येईल?

मिस्त्रीने चारही भोकांवर पत्रा वेल्ड केला. वरून डांबर फासलं.

२४ जानेवारी

कोरडी ठणठणीत! हॉर्न हॉर्नसारखा वाजतो, वायपर वायपरसारखा फिरतो. दवाखान्यात जाताना बायको मागे आडवी पडून मला वाटेतल्या पाट्या वाचून दाखवत होती. देवा, तुझी कृपा.

एकच खोड राहिली आहे. छताचा दिवा दार उघडलं की लागतो, तसा तो आज चालत्या गाडीत लागला. दारं सगळी बंद होती.

२९ जानेवारी

बायकोच्या पायांवर सूज. बोट दाबलं की खळगा राहतो. सिस्टरने तिला सगळ्यांसमोर झापलं, की मावशी, चोरून पाणी पिता ना? तिने देवाची शपथ घेतली. मी साक्षीला आहे, दिवसाला दोन पेले, तेही मोजून. तरी मशीनने नेहमीच्या दुप्पट पाणी काढलं. हलकी होऊन गाडीत बसली, आणि घरी उतरवताना पाय पुन्हा भरलेले. चपला चढेनात.

येताना दिवा परत लागला. मिस्त्रीने पाहिलं, म्हणाला की मागच्या उजव्या दाराचा स्विच आहे, दार उघडल्यासारखं दाखवतोय. म्हणजे कोणी आत येऊन बसावं तसं.

२ फेब्रुवारी

मिस्त्रीने दिव्याची तार कापली. दिवा तरी लागला. त्याने हत्यारं आवरली आणि मजुरी न घेता गेला.

बायको म्हणते, तुमची गाडी आणि मी एकाच दुखण्याच्या. तिचं थांबवलंत, आता माझं वाढलं. चेष्टेत म्हणाली. मी हसू शकलो नाही.

४ फेब्रुवारी

गाडी घरी ठेवली. भाड्याच्या गाडीने नेलं. काही फरक नाही. त्या गाडीचीही सीट भिजली, ड्रायव्हर ओरडला.

दुपारी तिला ओकारी झाली. पातेल्यात नुसतं पाणी. हिरवट. शेवाळाचा तंतू मी बोटाने उचलून पाहिला.

डॉक्टर म्हणाले, हे कुठून येतंय ते त्यांना कळत नाही. मला कळायला लागलं आहे.

६ फेब्रुवारी

बाबांकडे गेलो. भोकं बुजवली, आता बायको पाण्याने भरते आहे म्हटल्यावर ते ओट्यावर मटकन बसले. सांगितलं होतं ना, म्हणाले, सांगितलं होतं ना रे तुला!

त्यांचा आजारी धाकटा भाऊ मागच्या सीटवर होता. दवाखान्यात नेत होते. तळ्याच्या काठाने जाताना रस्ता खचला आणि गाडी पाण्यात गेली. बाबा पुढून बाहेर पडले. मागचं उजवं दार काही केल्या उघडेना. भाऊ आतून काचेवर टिचक्या मारत राहिला. मग थांबला.

गाडी वर काढली, सुकवली, पण पाणी येतच राहिलं. म्हणून त्यांनी स्वतः भोकं पाडली. म्हणाले, त्याचं पाणी येतंच, त्याला जायला वाट ठेवावी लागते. वाट बंद केलीस, त्याने दुसरी जागा बघितली.

आता काय करू, विचारलं. म्हणाले, जिथे बुजवलंस तिथेच उघड. ती आत असताना.

७ फेब्रुवारी, सकाळ

तिला उचलून मागे निजवलं. केवढी जड झाली आहे. डोळे सुजून मिटले आहेत. डावीकडे डोकं ठेवलं. सांगितलं, टिचक्या लक्षात आहेत ना? मान हलवली.

हाताने फिरवायचं ड्रिल घेतलं. लाकडी खुंट्या घेतल्या. देवा, तू सोबत ये.

७ फेब्रुवारी, थोड्या वेळाने

एक भोक पडलं. पाणी आलं! थंड, मनगटाएवढी धार. खड्ड्यातून वर येऊन पाहिलं, तिचे डोळे उघडले आहेत. पायांवरची सूज उतरते आहे, बघता बघता. हात धरला तर तिची अंगठी सैल लागली. अहो, म्हणाली, श्वास येतोय.

देवा. देवा.

पुन्हा

धार थांबत नाही. दोन टिचक्या आल्या. वर धावलो. गाल बसले आहेत, ओठ फुटले आहेत, हात काटकीसारखे. सगळंच चाललं आहे तिच्यातून. दार उघडेना. एकही उघडेना. हातोड्याने काचेवर मारलं, चराही उमटला नाही.

खाली उतरून खुंटी ठोकली. धारेने फेकून दिली. दुसरीही.

अंगठा लावला. अंगठ्याने थांबतं.

पुन्हा

खड्ड्यातच उभा आहे. डावा अंगठा भोकात, वही चाकामागच्या दांडीवर, कानामागची पेन्सिल उजव्या हातात. मोठ्याने हाका मारल्या. कोणी नाही. घरमालक गावाला.

अंगठा काढला की ती सुकते. ठेवला की भरते. एक टिचकी आली की सोडतो, दोन आल्या की लावतो. एवढंच करायचं. तिच्या टिचक्या नीट आहेत. चुकत नाही ती.

खड्ड्यात पाणी गुडघ्यापर्यंत.

पुन्हा

छातीपर्यंत. हात बधिर. मी हाक मारतो, ती दोन टिचक्या मारते. बंद आहे गं, बंदच आहे, घाबरू नकोस —

हॉर्न वाजतो आहे. बॅटरी काढलेली आहे.

फटींतून उजेड. छताचा दिवा —

एक टिचकी. सोडा.

लगेच दोन. बंद करा.

परत एक. जोरात. ही तिची नव्हे, ती इतक्या जोराने —

ती डावीकडे आहे. डोकं मीच ठेवलं डावीकडे. दोन टिचक्या डावीकडूनच येतात.

एक येते ती उजव्या दारावरून.

तो मागतोय, सोड. ती म्हणते, नको. अंगठा कळतच नाही, आहे की निसट —

देवा कोणाचं ऐकू, पाणी हनुवटी — डावीकडच्या टिचक्या हळू झाल्या — एकच आली, दुसरी — दुसरी मार ना गं, दुसरी