बुडालेल्या खलाशांचा आर्वी बँड

२ ऑगस्ट २००९
सावंगीला मेडिकल शिकणाऱ्या प्रफुलने सीडी दिली. युरोपच्या वर समुद्रात फेरो बेटं आहेत, तिथला डूम मेटल बँड. बुडालेल्या खलाशांची भुतं, गुरगुरत गाणारा गायक, आणि गाणं इतकं संथ की एक ठोका पडला की दुसऱ्याची वाट पाहायची. काटाच आला. आर्वीत असा बँड काढणार. गायक मीच. समुद्र अजून पाहिलेला नाही, पण त्याने काही अडत नाही.

९ ऑगस्ट
गाणी फेरोईज भाषेतच म्हणणार. ऐकून ऐकून देवनागरीत उतरवली. उच्चार परफेक्ट. चूक काढणारं आर्वीत कोणी नाही.
गुरगुरण्याचा रियाज सुरू. आईने हळद-मिठाच्या गुळण्या करायला लावल्या.

२३ ऑगस्ट
गिटारवर ऑर्केस्ट्रातला धर्मेंद्र, ड्रमवर वरातीच्या बँडमधला कवडू. कवडूला हळू वाजवताच येत नाही. म्हणतो, इतलं हळू वाजवलं तं नवरदेव मांडवात कधी पोचन? समजावलं, आपला नवरदेव बुडाला आहे. मग जमलं.

१३ सप्टेंबर
शारदोत्सवात वेळ मिळाली! अध्यक्ष वासुदेवरावांनी विचारलं, काय गाणार? म्हटलं, समुद्रात गेलेल्यांची गाणी. एकदम गंभीर झाले, लगेच हो म्हणाले. कलेची जाण लागते. फेरोवाले मयतीचे कपडे घालून गातात. आम्ही पांढरे सदरे घालणार.

२४ सप्टेंबर
ऐतिहासिक! पहिल्याच गुरगुरीला अख्खा मांडव उठून उभा राहिला. माना खाली, डोळे मिटलेले. टाळी नाही, शिट्टी नाही, इतके तल्लीन! मधेच एका म्हाताऱ्याने कवडूला विचारलं, दोन मिन्टं झाले नाई काय अजून? लांब गाण्याची लोकांना सवय नाही.

२५ सप्टेंबर
शेजारच्या लीलाबाई डोळ्याला पदर लावूनच आल्या. कोन्या गावचे होते जी बुडालेले पोरं? म्हटलं, फेरोचे. म्हणाल्या, म्हंजे अल्लीपूरकडं काय? गाणं काळजाला भिडल्याशिवाय असं होत नाही.

४ ऑक्टोबर
पहिलं बुकिंग! कापड दुकानवाल्या रूपरावांच्या वडिलांची तेरवी. बाणेदार नकार द्यायला निघालो, तर धर्मेंद्र-कवडू आधीच हो म्हणून बसलेले. कलेसाठी मीही तयार झालो.

५ ऑक्टोबर
रूपरावांचा निरोप कवडूने आणला. वाजवनारे दोघं येजा. गानारा नोको, बुढ्याच्या जीवाले शांती पायजे.

८ ऑक्टोबर
तेरवीला गेलो. जेवायला. कवडू काय संथ वाजवत होता! फार वाईट वाटलं, पंगतीतच रडू आलं. बाजूच्याने पाठीवर हात ठेवून विचारलं, बुढा तुमच्या नात्यातला होता काय?
हो म्हटलं.