सासऱ्याच्या नावावरची साखर

२ फेब्रुवारी
आठ महिने झाले. कारण आज सापडलं. पलंग. फार वाजतो, लक्ष लागत नाही. उद्या सुतार.

६ फेब्रुवारी
पलंग वाजत नाही. बाकी परिस्थिती तीच. म्हणजे ऑफिसचा ताण. मंगरूळपीरच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर दिवसाला दोनशे माणसं. कुणाचंही असंच होईल. बायको, धम्मदीपा, कूस बदलून झोपली. हल्ली भाकर अर्धीच खाते. वजन कमी करायचंय म्हणे. चांगली सवय.

११ फेब्रुवारी
मोबाइलवरच्या वैद्याच्या गोळ्या परवापासून घेतोय. तिसऱ्याच दिवशी फरक. छातीत जळजळ.

१५ फेब्रुवारी
गोळ्या बंद. आता शास्त्रीय मार्ग. रजा टाकून रिसोडला गेलो. तिथं मला कुणी ओळखत नाही. खिडकीवर नाव विचारलं. खोटं नाव सांगणारा अडखळतो, हे माझं वीस वर्षांचं निरीक्षण. अशांना मी रोज रागावतो. म्हणून अजिबात अडखळलो नाही. तोंडातून सासऱ्यांचं नाव आलं. उकंडराव.
डॉक्टर सज्जन. इच्छा होते का, पहाटे काय होतं, कधीपासून, हे सगळं पाऊसपाण्याबद्दल विचारावं तसं विचारलं. रक्त तपासलं. साखर २८४. साखरेनं नसा, रक्तवाहिन्या बिघडतात, लाजण्यासारखं काही नाही, उपचार आहेत, म्हणाले. पुढच्या वेळी बायकोला आणा. इतकी घाई नको, असं माझं मत.

१७ फेब्रुवारी
केसपेपर या वहीत लपवला. लॅबची चिठ्ठी शर्टाच्या खिशात राहिली आणि कपडे धुताना धम्मदीपाला सापडली. चिठ्ठीवर फक्त नाव आणि आकडा. बाबांनी जावयाला सांगितलं, लेकीला नाही, म्हणून रडली. मी चहा झाल्यावर खुलासा करणार होतो. तोवर ती माहेरच्या, धनजच्या बसमध्ये.

२० फेब्रुवारी
सासऱ्यांचा फोन. वय चौऱ्याहत्तर, आवाज बारीक. "जावईबापू, मी रक्त तपासलंच नाही म्हनलं, तं पोरगी म्हनते लपवता. चहात साखर टाकू देत नाही. कारल्याचा रस पाजून राह्यली. तुमी तरी सांगा तिले."
मी त्यांना पथ्याचं महत्त्व समजावलं. तेव्हा माझ्यासमोर शेजारून आलेली खीर होती. फार अपराधी वाटलं. अर्धी ठेवली. मग अन्न वाया जाऊ नये म्हणून तीही खाल्ली.

२३ फेब्रुवारी
ठरलं. ती आली की सगळं सांगायचं. भाषण लिहून काढलं. चार मुद्दे. पहिला पलंगाचा.

२६ फेब्रुवारी
धम्मदीपा आली. बाबांचं रक्त कारंज्यात तपासून आणलं. साखर ९८. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, मग ती साखर कोनाची?
भाषण आठवेना. वहीतून केसपेपर काढून दिला.
तिनं उभ्यानंच वाचला. वय ४६. तक्रार, आठ महिन्यांपासून. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'इच्छा आहे.' त्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. बराच वेळ काढलं नाही.
"मले वाटलं, मीच आवडत नाही तुमाले आता."
अर्ध्या भाकरी मी रोज पाहत होतो. समोर बसून.
आधी बाबाले फोन लावा, म्हणाली. लावला. ते रागावले नाहीत. आता साखर टाकून चहा घेऊ का, एवढंच विचारलं.

२७ फेब्रुवारी
दोघं रिसोडला. आज स्वतःचं नाव सांगायचं, पूर्ण, मोठ्यानं, असा निश्चय. खिडकीवर विचारलं आणि अडखळलो. धम्मदीपानं सांगितलं. धम्मरत्न. वयही तिनंच सांगितलं. खिडकीतल्या मुलीनं तक्रार विचारली. मागं आठ-दहा माणसं. धम्मदीपानं माझ्याकडे पाहिलं.
मला एकदम तहान लागली. साखर वाढली की लागते.