उजव्या बाजूची लाळ

धुळे, ४ नोव्हेंबर २०२४

दीपकच्या आबांना,
पुष्पाचा सा. न. वि. वि.

कॅन्सरपायी अर्धी जीभ कापल्यापासून माझं बोलणं कुणाला कळत नाही, फोनवर तर मुळीच नाही. म्हणून चाळीस वर्षांच्या संसारात तुम्हाला पहिलं पत्र लिहिते आहे. सुपडू कंडक्टर ते एरंडोलला आणून देईल.

पुढच्या सोमवारपासून किरणांचा शेक सुरू. माझ्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा केला आहे. तो घातला की हलायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. कानाखाली लाळेच्या ग्रंथी असतात. डावीकडची सुकणार, पण उजवी वाचवून किरण सोडणार आहेत. म्हणजे घास भिजेल, गिळता येईल. मला तेवढं पुष्कळ आहे.

म्हैस व्यायली का? मी गप्प झाले म्हणून लोभ कमी करू नका.

तुमची,
पुष्पा

एरंडोल, ८ नोव्हेंबर

चि. सौ. पुष्पाबाईस,
अ. उ. आ.

आठे बठ्ठं बरं शे, इकडची काळजी करू नको. म्हैस व्यायली, पारडी झाली. तुझ्याशिवाय कुणाला दूध देत नाही, मला लाथा मारते. तिच्यापायीच धुळ्याला येणं अडलं आहे. घरात भांडायला कुणी नाही, तर भिंतीशी भांडतो.

उजवी बाजू वाचणार, हे शेजारच्या सुनंदाबाईंनाही वाचून दाखवलं. पण पुष्पा, एक मनात सलतं. दात घासायची ती तंबाखूची मिसरी दर बाजाराला मीच आणायचो. तू सांगायला विसरलीस तरी आठवणीनं आणायचो. हे आता कुणाला सांगू?

शेकाचं कळव. माया राहू दे.

अभिमन

धुळे, ४ डिसेंबर

दीपकच्या आबांना,
सा. न. वि. वि.

उत्तराला महिना लावला, कारण एक गोष्ट लपवली होती. शेक सुरू व्हायच्या आधीच उजवीकडे, त्या ग्रंथीला लागूनच, नवी गाठ सापडली. सुई घालून तपासली, तीही कॅन्सरचीच निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ग्रंथी राखायला गेलो तर गाठही राखली जाईल. दीपक रडायला लागला, आबांना विचारू या म्हणाला. मी पाटीवर लिहिलं, नको. मिसरीचं तुम्ही आधीच मनाला लावून घेतलेलं, त्यात हे कुठे? उजवीकडेही किरण सोडायच्या कागदावर सही मीच केली.

आता तोंडात मातीचं ढेकूळ धरल्यासारखं होतं. लाळ नाहीच. सूनबाई दीपमाला चमच्यानं पेज घालते, ती मी पाण्यावर ढकलते. लाळ परत येईल का विचारलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार आशा धरू नका. गाठ मात्र आकसली आहे.

आणि मिसरी मीच लावत होते. तुम्ही आणली नसती तर भांडून आणायला लावली असती. राग धरू नका.

पुष्पा

एरंडोल, ७ डिसेंबर

चि. सौ. पुष्पास,
अ. उ. आ.

पत्र स्टँडवरच वाचलं. सही केलीस ते बरोबर केलंस. माझा हात उठला नसता.

तुला काय होतं ते कळावं म्हणून दुपारी उपरण्यानं तोंड आतून पुसलं आणि पाण्याविना भाकरीचा कोरडा तुकडा चावत बसलो. थोड्या वेळानं तोंडाला पाणी सुटलं, पुष्पा. पुन्हा पुसलं, पुन्हा सुटलं. भाकरी गोड लागायला लागली, तसा मी ताटावरून उठलो.

उद्या सकाळच्या गाडीनं येतो. म्हैस आटली तर आटू दे. पाटी घेऊ नकोस, काही लिहू नकोस. नुसतं शेजारी बसू दे, एवढाच लोभ.

तुझा,
अभिमन